दर पंधरा मिनिटांनी

पायजम्याची नाडी काढून घेतली, बुटांच्या लेस घेतल्या.
मनगटावरचा काळा दोरा सोडवताना
त्याची आई म्हणाली, सिस्टर, एवढा तरी राहू द्या.
नियम आहे, म्हटलं मी.
पाकिटावर नाव घातलं: रेवण ढमाले, वय बारा, आंबेगाव.
दोरा इतका हलका
की पाकीट रिकामंच वाटत होतं.

पहिला आठवडा रेवण झोपलाच नाही.
वडील पीएमटीत ड्रायव्हर, म्हणून
साऱ्या पुण्याचे मार्ग याला तोंडपाठ.
आता त्यानं नवे काढले:
कात्रज ते चंद्र, व्हाया स्वारगेट.
डेक्कन ते समुद्र, दर दोन मिनिटांनी,
तिकीट कुणालाच नाही.
खडू संपला तेव्हा भिंतीवर डाळीनं.
"सिस्टर, पुढे सरका, पुढे सरका, मागचे लोंबकळतायत!"
आणि मी सरकले. खरंच सरकले.
हसू आलं ते गिळलं,
कारण त्याच्या हसण्याला ब्रेक नव्हता
आणि माझं हसणं म्हणजे
उतारावरच्या गाडीला मागून धक्का.

आवाज खाली ठेवायचा. दिवा मंद.
एका वेळी एकच वाक्य.
'शांत हो' म्हणायचं नाही,
'मी इथे आहे, पाणी पी' म्हणायचं.
हे पुस्तकात असतं.
तो दंडाला चावला, ते नसतं.
घरी बाही खाली ओढून भाकऱ्या थापल्या,
नवऱ्याला म्हटलं, दाराची कडी लागली.

लिथियम सुरू झालं.
नाव ऐकून म्हणाला, बॅटरीत असतं ते?
हो, तेच.
मग मी चार्ज होणार का उतरणार?
नोंदवहीत लिहिलं:
रुग्ण औषधाबद्दल प्रश्न विचारतो.

मग एका सोमवारी सगळ्या गाड्या डेपोत गेल्या.
तोंड भिंतीकडे.
वरणभात तसाच, त्यावर साय धरलेली.
भेटायला आलेले म्हणाले, बरं झालं बाई, निवला.
मी ह्याच निवण्याला भिते.

दर पंधरा मिनिटांनी फेरी.
टॉर्चवर तळहात,
बोटांतून गळेल तेवढाच तांबडा उजेड,
चादर वर येते का, खाली जाते का.
तीन श्वास मोजते. एकाचा भरवसा नाही.
दोन पंधरा: झोपलेला.
दोन तीस: झोपलेला.
दोन पंचेचाळीस: डोळे उघडे.

खुर्ची ओढली नाही, आवाज होतो.
फरशीवर बसले.
संगमाकडच्या पुलावरून मालगाडी गेली,
सगळे डबे मोजून व्हावेत इतकी सावकाश.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"सिस्टर, ह्यातला मी कुठला?
तो पळणारा का हा?"
माहीत नाही रे, म्हटलं,
पण सकाळी सातला रक्त द्यायला
दोघांनाही उठायचंय.
त्याच्या ओठाचा कोपरा हलला.
किंवा माझ्या हातातली टॉर्च हलली.
लिहिलं: दोन पंचेचाळीस, जागा. बोलला.
'बोलला'खाली रेघ ओढली.
रेघ ओढायची पद्धत नाही आमच्यात.

सदतिसाव्या दिवशी सुट्टी.
आईला सांगितलं, मीठ तोडू नका,
उन्हाचं पाणी जास्त द्या,
उलट्या-जुलाब झाले तर वाट बघू नका, या.
आणि झोप. झोप उडाली की समजा, घंटा वाजली.
ती मान हलवत होती
आणि पाकीट उघडत होती.
दोरा तिनंच बांधला, दोन गाठी मारून.
मी एस्तेर भांबळ,
माझा क्रूस ड्युटीच्या वेळी लॉकरमध्ये असतो,
मी काय बोलणार?
म्हटलं, जरा सैल बांधा, आणि गोळी चुकवू नका.

जाताना रेवणनं हात पुढे केला.
बोटं बारीक थरथरत होती, औषधानं.
माझीही, रात्रपाळीनं.

त्याच दुपारी त्या खाटेवर मुलगी आली, नऊ वर्षांची, हडपसरची.
रिबीन सोडवली, पाकीट केलं.
भिंत रंगवायला दोनदा लिहून दिलंय.
चंद्राचा थांबा
बरोबर उशीपाशी येतो,
आणि वाळलेली डाळ
ओल्या फडक्यानं निघत नाही.